बॉब नव्हे, रॉबर्टो

रविवारी सकाळी पावणेनऊला बंबखान्याच्या आवारात गाडी लावली, तेव्हा दारापाशी वीसेक माणसं आधीच उभी होती. बहुतेक साठीच्या पुढची. कुणाच्या खांद्याला कापडी पिशवी, कुणाच्या हातात कोपरे झिजलेली वही. एकजण पायरीवर बसून रबरबँड लावलेला बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा गठ्ठा चाळत होता. दार नऊला उघडणार होतं. माझी अकरा वर्षांची लेक रांग बघून म्हणाली, "बाबा, आपण अर्धा तास आधी निघायला हवं होतं." तिचं बरोबर होतं.

पिट्सबर्गच्या आसपासच्या गावांमधून आगीचे बंब पगारी माणसं नाही, गावातले स्वयंसेवक चालवतात. बंबखान्याला लागून एक ऐसपैस हॉल असतो आणि त्याच्या भाड्यातून बंबांचा खर्च निघतो. तिथं लग्नाच्या मेजवान्या होतात, बिंगो चालतो, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात दर शुक्रवारी तळलेले मासे विकायला ठेवतात. आणि वर्षातले काही रविवार तिथं बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मोठे, तीन-तीन दिवस चालणारे बाजार वेगळे. तिथं काचेच्या कपाटांवर दिवे सोडलेले असतात आणि निवृत्त खेळाडू पैसे घेऊन सह्या देतात. मला हा चाळीस टेबलांचा बाजार आवडतो, कारण इथला विक्रेता स्वतःच संग्राहक असतो आणि कार्ड हातात घेऊन बघू देतो.

मी साताऱ्याचा. लहानपणी बिग फन च्युइंग गमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्यांवर रन नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या. ती जमवण्यासाठी आम्ही पोरं गाव पालथं घालायचो. पुढं ते सुटलं. नोकरीनिमित्त पिट्सबर्गला आलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाचा सामना बघायला गेलो. सामन्याच्या दिवशी नदीवरचा पिवळा पूल वाहनांना बंद असतो, माणसं चालत मैदानात जातात. पुलाला नाव रॉबर्टो क्लेमेंतेचं. पुलाच्या टोकाशी पुतळा त्याचाच. आत गेल्यावर उजवीकडची भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा उंच दिसली. ती २१ फूट आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा २१ होता आणि तो उभा राहायचा उजवीकडच्या मैदानात. मरून तीसेक वर्षं झालेल्या माणसाला एक शहर इतकं जवळ धरून आहे, हे मला विलक्षण वाटलं. त्या रात्री घरी येऊन मी त्याच्याविषयी वाचायला बसलो आणि तिथून सगळं सुरू झालं.

थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्लेमेंते पुएर्तो रिकोचा, जन्म १९३४ चा. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं तो फक्त पायरेट्सकडून खेळला. चार वेळा त्याची फलंदाजीची सरासरी नॅशनल लीग या अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये सर्वांत वरची होती, क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह पारितोषिक त्याला बारा वेळा मिळालं. ३० सप्टेंबर १९७२ ला त्यानं आपला तीन हजारावा हिट मारला (चेंडू मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठला की तो हिट). तो मोसमातला त्याचा शेवटचा हिट ठरला. डिसेंबरात निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात मोठा भूकंप झाला. मदतीचं सामान तिथले लष्करी लोक मधेच गिळतायत असं कानावर आल्यावर तो स्वतः सामानाच्या विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते जुनं, जास्त भार घेतलेलं विमान सॅन हुआनच्या किनाऱ्यापाशी समुद्रात पडलं. तो सापडलाच नाही. वय ३८. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी ती अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला घेतलं.

आता कार्डं. ब्रुकलिनची टॉप्स ही कंपनी च्युइंग गमबरोबर खेळाडूंची कार्डं द्यायची. १९५५ पासून १९७३ पर्यंत दरवर्षी क्लेमेंतेचं एक नेहमीचं कार्ड निघालं, म्हणजे एकोणीस. शेवटचं त्याच्या मृत्यूनंतर आलं. पहिल्या दोन कार्डांवर त्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंते असं छापलंय. तिसऱ्यावर, १९५७ च्या कार्डावर, तो एकाएकी 'बॉब' झाला. पुढची तेरा वर्षं, १९६९ पर्यंत, टॉप्सच्या लेखी तो बॉबच राहिला. त्याला हे नाव रुचत नव्हतं, तो स्वतःला रॉबर्टो म्हणवायचा. पण अमेरिकन कानांना सोपं पडावं म्हणून समालोचक आणि बातमीदार बॉब, बॉबी म्हणत राहिले. त्याचं इंग्रजी बोलणं वर्तमानपत्रं उच्चारानिशी वेडंवाकडं छापायची. १९७० च्या कार्डावर रॉबर्टो परत आला.

याहून मला लागलेली गोष्ट पुढची. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७३ साली त्याचा ब्राँझचा फलक लावला, त्यावर नाव कोरलं 'रॉबर्टो वॉकर क्लेमेंते'. स्पॅनिश रीतीप्रमाणे आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. वडील क्लेमेंते, आई वॉकर. म्हणजे ते 'रॉबर्टो क्लेमेंते वॉकर' असायला हवं होतं. कुणीतरी आईचं आडनाव उचलून मधलं नाव करून टाकलं. चूक दुरुस्त करून नवा फलक ओतला तो २००० साली. इकडं आलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या आपल्या रीतीचे इथल्या फॉर्मवर किती तुकडे होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या पाच अक्षरी नावाचं ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी दोन अक्षरी नाव झालं. कुणी मुद्दाम केलं नाही, आणि मीही "चालेल" म्हणालो. ते 'चालेल' मला पुढं कितीतरी वर्षं खुपलं. म्हणून ती तेरा 'बॉब' कार्डं मला बाकीच्या सहांइतकीच हवी होती. किंबहुना जास्त.

या रविवारी माझ्याकडं सतरा होती. नव्हती ती १९५५ ची पहिली, जिच्यासाठी काही हजार डॉलर मोजावे लागतात, आणि १९६३ ची, क्रमांक ५४०.

१९६३ चं हे कार्ड दुर्मीळ का, ते सांगायला हवं. तेव्हा टॉप्स सगळी कार्डं एकदम काढत नसे. एप्रिलपासून टप्प्याटप्प्यानं एकेक मालिका दुकानांत यायची. ऑगस्ट उलटेस्तोवर शाळा सुरू व्हायच्या, पोरांचं मन फुटबॉलकडं वळायचं, आणि दुकानदार बेसबॉलची नवी पेटी मागवायला राजी नसायचे. म्हणून शेवटच्या मालिकेतली कार्डं कमी खपली, आज कमी सापडतात. त्या वर्षीचा संच ५७६ कार्डांचा, त्यात ५४० म्हणजे अगदी शेपटाकडं. पीट रोझ या गाजलेल्या खेळाडूचं पहिलं कार्ड, क्रमांक ५३७, याच मालिकेत आहे. त्यामुळं त्या गठ्ठ्यांवर सगळ्यांचाच डोळा.

मागच्या वर्षी मी हे कार्ड ऑनलाइन घेतलं होतं. फोटोत उत्तम दिसत होतं. हातात आलं आणि माझं मन खट्टू झालं. १९६३ च्या कार्डांना तळाशी रंगीत पट्टा असतो आणि तो कडेपर्यंत जातो. पांढऱ्या कडेवरची झीज डोळ्यांत भरत नाही, पण रंगीत कडेचा टवका उडाला की खालचा पांढरा कागद लगेच दिसतो. कुणीतरी त्या टवक्यांवर स्केचपेन फिरवलं होतं. विकणाऱ्यानं चार आठवडे उत्तर दिलं नाही, मग अर्धे पैसे परत केले. त्या कार्डाला मी 'माझं' कधीच म्हटलं नाही, यादीत धरलं नाही. तेव्हाच ठरवलं, हे कार्ड समोर धरून, भिंगाखाली बघूनच घ्यायचं.

तर तयारी अशी होती. खिशात तीनशे डॉलर रोख, सगळे वीस-वीसच्या नोटांत. रोखीला विक्रेता भाव उतरवतो, आणि पन्नासची नोट पुढं केली की आपली घासाघीस तिथंच संपते. दहापट मोठं दाखवणारं भिंग, किल्ल्यांना अडकवलेला छोटा दिवा. पातळ प्लॅस्टिकची पाकिटं आणि ती घालायला जाड प्लॅस्टिकच्या ताठ खोळी. शिवाय १९६३ चंच एक साधं, कुणा विस्मृतीत गेलेल्या खेळाडूचं एका डॉलरचं कार्ड. त्याचा उपयोग मापासाठी. काही लोक झिजलेली कड ब्लेडनं कापून सरळ करतात. फूटपट्टीला ते फसवता येतं, पण त्याच वर्षीचं न कापलेलं कार्ड पाठीला पाठ लावून धरलं की केसभर फरकही बोटाला लागतो. ही युक्ती मला इथंच एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवली होती.

तीन डॉलर माणशी, लहानांना फुकट. हातावर निळा शिक्का मारून आत.

आत गेल्या गेल्या काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. आधी एक पूर्ण फेरी, हात मागं बांधून. कुणाकडं जुनं आहे, कुणाकडं फक्त नवी चकाकती कार्डं, कुणाचे भाव लिहिलेले आणि कुणाचे तोंडी. त्या फेरीत फोर्ब्स फील्ड या जुन्या मैदानाची तिकिटांची अर्धुकं दिसली. थ्री रिव्हर्स स्टेडियम २००१ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडलं, तिथली एक खुर्ची नंबराच्या पट्टीसकट होती. १९६० च्या विश्वविजेतेपदाचे त्रिकोणी झेंडे होते, लोकर कुरतडलेले. एका टेबलावर कान्सच्या सॉसेजच्या पाकिटांतून यायची ती कार्डं. पायरेट्सच्या खेळाडूंची ही कार्डं इकडच्याच भागात वाटली गेली, त्यामुळं बाहेरचे लोक ती शोधत इथं येतात. मांसाच्या पाकिटातून आल्यामुळं बऱ्याच कार्डांवर तेलाचा पुसट डाग असतो. मला तो डाग आवडतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून ते कार्ड आलंय, हे त्यातून कळतं.

लेक तोवर पंचवीस सेंटवाल्या खोक्यांपाशी रमली होती. तिला लाकडाच्या रंगाची चौकट असलेली १९८७ ची टॉप्स कार्डं हवी असतात. त्यात पायरेट्सच्या कपड्यांतला, कोवळा, सडपातळ बॅरी बाँड्स आहे. तो तिला सापडला, आणि तिनं तो दोन्ही हातांनी कडांना धरून मला दाखवला, पृष्ठभागाला बोट न लावता. मला फार बरं वाटलं.

एका टेबलाशी वेगळंच चाललं होतं. पन्नाशीच्या एक बाई चार भरलेली खोकी घेऊन आल्या होत्या. नवऱ्याची कार्डं, तो दोन वर्षांपूर्वी गेला, असं त्या म्हणाल्या. मुलांच्या कॉलेजसाठी ही ठेव आहे, असं तो सांगायचा. सगळा माल १९८६ ते १९९३ च्या दरम्यानचा. त्या काळात जुन्या कार्डांचे भाव चढलेले बघून लोकांनी नवी कार्डं पेट्याच्या पेट्या जपून ठेवली, आणि कंपन्यांनी ती लाखोंनी छापली. कुणीच फेकली नाहीत, म्हणून आज कुणालाच हवी नसतात. १९५२ ची टॉप्स कार्डं बघा. न खपलेला माल कंपनीनं १९६० मध्ये तराफ्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवला, तशी हकीकत टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितली होती. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

त्या विक्रेत्यानं घाई केली नाही. चारही खोकी त्यानं खुर्चीत बसून बघितली. वीस मिनिटं तरी गेली असतील. १९८९ चं अपर डेक कंपनीचं केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं, त्या संचातलं पहिल्या नंबरचं कार्ड, एक चांगलं निघालं. ते त्यानं बाजूला काढून बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, हे विकू नका, मुलाला द्या. बाकीच्यांचं खरं मोल त्यानं हळू आवाजात सांगितलं. बाई काही वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण त्यानं ती नीट लावून ठेवलीयत ना?" तो म्हणाला, "फार नीट. एकही उलटं नाही." त्यांनी खोकी परत गाडीत ठेवली. मी दार धरून उभा होतो.

सह्यांच्या टेबलापासून मी लांब राहतो. क्लेमेंतेची सही केलेला चेंडू दिसला की मोह होतो, पण अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या खऱ्या सह्या मोजक्या आणि मागणी अफाट, त्यामुळं खोट्यांचा सुळसुळाट. १९९० च्या दशकाच्या शेवटी एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलही निघाले होते. कोलकात्याच्या त्या म्हाताऱ्या हातानं बेसबॉलवर सही केली असेल, यावर पैसे मोजून विश्वास ठेवणारी माणसं होती. ज्याला एखादी गोष्ट मनापासून हवी असते, त्याला फसवणं सोपं जातं. मी ते कार्डाच्या बाबतीत भोगलेलं आहे.

दुसऱ्या फेरीत १९६३ चं क्लेमेंते दिसलं. तरुण विक्रेता, काचेखाली ठेवलेलं, भाव दोनशे वीस. काढून बघू का, असं विचारलं. काच आपण उघडायची नसते. त्यानं दिलं. वरून छान. मी खिशातलं मापाचं कार्ड काढून पाठीला लावलं. उंची जुळली, पण रुंदीला डावी कड आत. पुन्हा लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. तेच. "थोडं अरुंद वाटतंय," मी म्हणालो. तो चिडला नाही, त्यानं स्वतः लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानंही ते कुणाकडून तरी पूर्ण भावानं घेतलं असणार. भावाची चिठ्ठी त्यानं माझ्यासमोर काढून टाकली. अशा माणसाकडं मी पुन्हा जाईन.

साडेदहाला आम्ही खायला थांबलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन आज्या पिरोगी विकत होत्या. पिरोगी म्हणजे बटाटा आणि चीजचं सारण भरलेली करंजीच, फक्त उकडून मग लोण्यात कांद्यावर परतलेली. पोलाद कारखान्यांत आणि कोळसा खाणींत राबायला पूर्व युरोपातून आलेल्या लोकांनी ती इकडं आणली. शेजारी हलुश्की, कोबी आणि रुंद शेवया. लेकीनं दोन्ही संपवलं.

मग तो कोपरा. पहिल्या फेरीत तिथं गर्दी होती म्हणून नीट बघता आलं नव्हतं. टेबलावर काचेचं कपाट नव्हतं, दिवे नव्हते, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बंद केलेली, दर्जाचा नंबर दिलेली कार्डंही नव्हती. चपलांच्या खोक्यांत वर्षवार लावलेली कार्डं, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेली पांढरी चिठ्ठी. मागं सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, पायरेट्सची काळी टोपी. आम्हा दोघांना बघून म्हणाले, "यिन्झ काय शोधताय?" इथली जुनी माणसं अनेकांना उद्देशून 'तुम्ही' म्हणायचं तर 'यिन्झ' म्हणतात. ऐकलं की घरचं वाटतं आताशा.

"क्लेमेंते. त्रेसष्ट," मी म्हणालो.

त्यांनी खोकं पुढं सरकवलं आणि क्लेमेंतेची खूण लावलेला भाग उघडून दिला. सत्तावन, अठ्ठावन, एकोणसाठ. मी बोटांनी पुढं जात होतो आणि मधेच थांबलो. कार्डावर छापलंय 'बॉब क्लेमेंते'. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलंय 'रॉबर्टो, ५७'. पुढच्यावर 'रॉबर्टो, ५८'. सगळ्यांवर. वळणदार, शाळेत घोटवलेलं अक्षर.

बाकीच्या खेळाडूंच्या चिठ्ठ्यांवर फक्त आडनाव आणि साल होतं.

मी विचारलं, याच्याच चिठ्ठीवर असं का? ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "त्याचं नाव ते होतं." एवढंच. मी मान डोलावली. मग लेकीकडं वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली, मला नाही, तिला. त्यांचे आजोबा स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून पोलादाच्या कारखान्यात आले. पगाराच्या वहीत नाव लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांचं आडनाव लिहिता आलं नाही, त्यानं मागची चार अक्षरं सोडून दिली. पगार हवा तर त्या नावाला 'हो' म्हणावं लागायचं. घरात आजी मरेपर्यंत पूर्ण आडनाव म्हणायची, बाहेर सगळे अर्ध्यानं ओळखायचे. "माझ्या टपालपेटीवर अजून अर्धंच आहे," ते म्हणाले. "आता बदलून करू काय? पण याचं मला लिहिता येतं, म्हणून लिहितो."

मी तेव्हा काही बोलू शकलो नाही. ऑफिसातला तो पहिला दिवस आठवला.

त्यांनी लेकीला नाव विचारलं. तिनं सांगितलं, पूर्ण, शाळेत सांगते तसं तोडून नाही. जोडाक्षर आहे तिच्या नावात. पहिल्यांदा ते चुकले, दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा तिनं ओठ हलवून दाखवले आणि त्यांना ते जमलं. मग पुढचा अर्धा तास त्यांनी ते नाव चार-पाच वेळा मुद्दाम वापरलं.

त्रेसष्टचं कार्ड खोक्यात होतं. चिठ्ठी, 'रॉबर्टो, ६३, १७५'. मी ते पाकिटातून काढायची परवानगी मागितली आणि दिव्याखाली धरलं. उजवा वरचा कोपरा मऊ, मधून एक घडी, पुढून दिसत नाही पण तिरपं धरलं की केसासारखी चमकते. तळाच्या रंगीत पट्ट्याचे दोन टवके उडालेले, पांढरे, कुणी हात न लावलेले. ते टवके बघून मला किती आनंद झाला! भिंगाखाली रंगाचे ठिपके नेटके, पट्ट्याच्या कडेपर्यंत सारखे. अक्षरांची शाई भरीव. नक्कल केलेल्या कार्डात अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात, कारण ती छापलेल्या कार्डाचा फोटो घेऊन पुन्हा छापतात. मापाचं कार्ड पाठीला लावलं. चारही कडा बरोबर. मागं १९६१ च्या ओळीत सरासरी .३५१, ज्या वर्षी तो लीगमध्ये पहिल्यांदा पहिला आला. लेक वाकून बघत होती. "म्हणजे दर शंभर चेंडूंना पस्तीस?" "चेंडू नव्हे, फलंदाजीची पाळी," मी म्हणालो, आणि त्या गृहस्थांनी दुरुस्त केलं की चार चेंडू बाहेर टाकून मिळालेला बेस त्यात मोजत नाहीत.

"रोख दिले तर कितीला द्याल?" मी विचारलं. बाजारात हा प्रश्न असाच विचारायचा असतो. आपण आकडा आधी बोलायचा नाही, आणि त्यांनी आकडा दिला की घ्यायचं नाहीतर आभार मानायचे. त्यांनी कार्ड परत हातात घेतलं, घडी बघितली, दीडशे म्हणाले. मी पुढं एक अक्षर बोललो नाही. आठ नोटा मोजून दिल्या, दहा परत घेतले.

चिठ्ठी सोलून काढायला त्यांनी नख लावलं, तसं मी म्हणालो, राहू द्या. ती पाकिटावरच आहे अजून.

मग विषय निघाला तीन हजाराव्या हिटचा. त्या दिवशी मैदानात जेमतेम १३,११७ माणसं होती. आज प्रत्येक म्हातारा तिथं असल्याचं सांगतो, असं इथले लोक म्हणतात. हे गृहस्थ म्हणाले, "मी नव्हतो. मला कामाची पाळी होती. रेडिओवर ऐकलं, दुसऱ्या चेंडूला डावीकडं मारला का पहिल्या, ते विसरलोसुद्धा. पण नववर्षाच्या सकाळी बातमी आली तेव्हा आई सिंकपाशी उभी होती आणि तिनं नळ बंद केला नाही, ते आठवतं."

एक वाजता टेबलं आवरायला लागली. खोक्यांवर झाकणं बसली. मी विचारलं, तुमच्याकडं पंचावन्नचं आहे का? त्यांनी मान हलवली. आहे, पण बँकेच्या लॉकरमध्ये, आणि विकायला नाही. बघायचं असेल तर वर्षातून एक दिवस ते बाहेर निघतं. १३ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या ऑकलंड भागात, फोर्ब्स फील्डची उरलेली विटांची भिंत आहे तिथं. १९६० च्या त्या तारखेला पायरेट्सनं विश्वविजेतेपदाच्या सातव्या सामन्यात न्यूयॉर्कच्या यँकीजना हरवलं, आणि दरवर्षी त्या दिवशी माणसं जमून सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून ऐकतात. बरोबर एक वाजता लावलं की पायरेट्सच्या मॅझरॉस्कीचा विजयी होमरन तेव्हा गेला त्याच मिनिटाला, ३ वाजून ३६ मिनिटांनी, भिंतीपलीकडं जातो. आठव्या डावात क्लेमेंते धावत पहिल्या बेसला पोचतो, ते ऐकताना कार्ड खिशात असलेलं मला आवडतं, असं ते म्हणाले.

लेकीनं विचारलं, "शाळेचा दिवस असला तर?"

"मग चिठ्ठी लिहून दे तुझ्या बाईंना," ते तिचं नाव घेऊन म्हणाले. "आणि घडीची खुर्ची आणा. यिन्झना अडीच तास उभं राहायचं होणार नाही."